फिजिओथेरपीच्या पदवीत नेमके काय शिकवतात? रुग्णांनी आणि घरच्यांनी जाणून घ्यावे असे

"डॉक्टर, फिजिओथेरपी म्हणजे शेकच ना? आमच्या बिल्डिंगमध्ये एक जण घरी येऊन मशीन लावून जातो. तो चालेल का?"

डोंबिवलीतल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. विचारणाऱ्यांची चूक नाही. गुडघा असो, कंबर असो किंवा पॅरालिसिसनंतर न उचलणारा हात असो, आम्ही डॉक्टर चिठ्ठीवर 'फिजिओथेरपी' एवढा एकच शब्द लिहितो. ती कोण देतो, काय शिकून देतो, हे रुग्णाला सहसा कोणी सांगत नाही.

मीही बरीच वर्षे तेवढेच लिहीत असे. माझ्याकडे नेहमी येणारे एक काका होते. वय पासष्टच्या आसपास, मधुमेह जुना, दोन्ही गुडघे दुखणारे. मी त्यांना 'फिजिओथेरपी, १० दिवस' असे लिहून दिले. मधुमेह किती वर्षांचा, पायाला बधिरपणा आहे का, यातले काहीच चिठ्ठीवर नव्हते. ते तिसऱ्या मजल्यावर राहायचे, इमारतीला लिफ्ट नव्हती. म्हणून घरच्यांनी ओळखीतून घरी येणारा माणूस लावला. त्याने गुडघ्यापासून घोट्यापर्यंत गरम पॅक बांधले. काकांना चटका जाणवलाच नाही. संध्याकाळी पोटरीवर आणि घोट्याजवळ फोड दिसले. त्या जखमा भरायला जवळपास दोन महिने लागले.

तो माणूस फिजिओथेरपी शिकलेला नव्हता हे नंतर कळले. पण चिठ्ठी माझी होती, आणि ती अपुरी होती.

त्यानंतर मी एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीला विचारले, शेक देण्याआधी तुम्हाला काय शिकवतात? ती म्हणाली, "दोन टेस्ट ट्यूब. एकीत गरम पाणी, एकीत गार. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचे आणि आलटून पालटून त्वचेला लावायच्या. त्याला फरक ओळखता आला तरच शेक. नाही तर नाही." ही तपासणी करायला दोन मिनिटे पुरतात. ती का करायची हे समजायला मात्र मज्जातंतू, रक्तपुरवठा, मधुमेह आणि उष्णता या सगळ्यांचा अभ्यास लागतो. पदवीमध्ये तो अभ्यास होतो. तो कसा होतो, हे या लेखात पाहू. म्हणजे तुमच्या घरी कोणाला फिजिओथेरपी सांगितली, तर कोणाकडे जायचे आणि काय विचारायचे, हे ठरवणे सोपे जाईल.

ही विद्या आपल्याकडे कशी आली?

भारतातले फिजिओथेरपीचे पहिले विद्यालय आपल्या जवळच, परळच्या केईएम रुग्णालयात, १९५३ मध्ये सुरू झाले. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत पोलिओची मोठी साथ आली होती. वाचलेल्या मुलांचे पाय लुळे पडले होते आणि त्यांना पुन्हा उभे करण्यासाठी शिकलेली माणसे हवी होती. केंद्र सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या प्रयत्नांतून हे विद्यालय उभे राहिले. त्याआधी १९५० मध्ये केईएममध्येच कमलाबाई निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपीचे, म्हणजे व्यवसायोपचाराचे, शिक्षण सुरू केले होते.

म्हणजे दुखण्यावर शेक देण्यासाठी ही विद्या इथे सुरू झाली नाही. ज्या स्नायूंना हालचाल उरली नाही त्यांच्याकडून ती पुन्हा करून घेणे, आणि जे परत येणार नाही त्याच्याशिवाय माणसाला स्वतःचे स्वतः करता येईल असे शिकवणे, हे तिचे मूळ काम आहे. पोलिओ आता आपल्या देशातून गेला. पण पक्षाघात, अपघात, सांध्यांच्या शस्त्रक्रिया आणि वाढलेले वय यांमुळे हे काम उलट वाढले आहे.

पदवी किती वर्षांची?

महाराष्ट्रात ही पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. तिला बीपीटीएच म्हणतात. इतर राज्यांत आणि इतर विद्यापीठांत बीपीटी असे लिहितात. बारावी सायन्सनंतर चार वर्षे शिक्षण आणि सहा महिने इंटर्नशिप, अशी एकूण साडेचार वर्षे लागतात. आज तुमच्या भागात काम करणारे बहुतेक फिजिओथेरपिस्ट याच पद्धतीने शिकलेले आहेत. २०२१ च्या राष्ट्रीय कायद्यानंतर देशभरासाठी जो नवा अभ्यासक्रम २०२५ मध्ये जाहीर झाला, त्यात हा काळ एक वर्षाच्या इंटर्नशिपसह पाच वर्षांचा केला आहे.

पदवीनंतर एमपीटीएच किंवा एमपीटी ही पदव्युत्तर पदवी घेता येते. त्यात हाडे-सांधे, मज्जासंस्था, हृदय-फुप्फुसे किंवा सामाजिक आरोग्य अशी एखादी शाखा निवडावी लागते.

पहिले वर्ष: शरीर समजून घेणे

पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे विषय असतात. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षीही आम्ही हेच तीन विषय शिकतो. फरक भर कशावर आहे यात असतो. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याला प्रत्येक स्नायू कुठून निघतो, कुठे जोडला जातो, कोणती नस त्याला चालवते आणि तो आखडला तर कोणती हालचाल अडते, हे पाठ असावे लागते.

त्याच्याबरोबर हालचालीचे शास्त्र सुरू होते. तरफ, गुरुत्वाकर्षण, तोल, घर्षण हे शाळेतले भौतिकशास्त्र इथे माणसाच्या अंगावर लावून पाहतात. काठी कोणत्या हातात धरायची, हा साधा प्रश्न घ्या. बहुतेक लोक दुखऱ्या पायाच्या बाजूला काठी धरतात. पण ती दुसऱ्या, चांगल्या बाजूच्या हातात धरली तर दुखऱ्या खुब्यावर आणि गुडघ्यावर येणारा भार कमी होतो. विद्यार्थी हे गणित मांडून शिकतो.

दुसरे वर्ष: व्यायाम आणि उपकरणे

आजार का होतात, जंतुसंसर्ग कसा पसरतो, औषधे काय करतात, हे विषय दुसऱ्या वर्षी येतात. फिजिओथेरपिस्ट औषधे लिहून देत नाही, मग औषधशास्त्र कशाला? कारण रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या रुग्णाला जोरात मसाज केला तर आत रक्त साचू शकते. रक्तदाबाची गोळी घेणारा रुग्ण झटकन उभा केला तर चक्कर येऊन पडू शकतो. इन्सुलिन घेऊन न जेवता आलेल्या रुग्णाची साखर व्यायामात उतरू शकते.

याच काळात मोजमाप शिकवतात. गोनिओमीटर नावाच्या कोनमापकाने सांधा किती अंश वाकतो ते मोजतात. स्नायूची ताकद ० ते ५ अशा श्रेणीत लिहितात. ० म्हणजे काहीच हालचाल नाही. १ म्हणजे हाताला जाणवेल एवढीच थरथर. २ म्हणजे हाता-पायाच्या वजनाला आधार दिला तर हालचाल होते. ३ म्हणजे स्वतःच्या वजनाविरुद्ध हात-पाय उचलता येतो. ४ म्हणजे थोडा विरोध केला तरी उचलतो आणि ५ म्हणजे नेहमीसारखी ताकद. पॅरालिसिसच्या रुग्णाच्या घरच्यांना महिनाभर "काहीच फरक नाही" असे वाटते. तेव्हा कागदावर २ चे ३ झालेले असतात, आणि ती मोठी प्रगती असते.

आता मशीनबद्दल. टेन्स, आयएफटी, अल्ट्रासाउंड, शॉर्टवेव्ह डायथर्मी, वॅक्स बाथ ही उपकरणे कशी चालतात हे शिकवतात. पण त्याहून जास्त वेळ, ती कोणाला लावायची नाहीत यावर जातो. पेसमेकर बसवलेल्या रुग्णाला शॉर्टवेव्ह चालत नाही. शरीरात धातूची पट्टी किंवा स्क्रू असेल त्या भागावर ते देत नाहीत. गरोदरपणात पोट-कंबरेवर, कर्करोगाच्या गाठीवर, बधिर त्वचेवर असे शेक टाळतात. म्हणून कोणी काहीही न विचारता थेट मशीन लावायला घेतले, तर तिथेच थांबवा.

आणखी एक गोष्ट. मशीनने दुखणे काही काळ कमी होते, त्यामुळे व्यायाम करणे सोपे जाते. सांधा मोकळा होणे आणि स्नायू बळकट होणे हे काम व्यायामाचे आहे. दहा दिवस नुसते मशीन आणि अकराव्या दिवशी परत दुखणे, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

तिसरे वर्ष: रुग्ण तपासणे

तिसऱ्या वर्षी मेडिसिन, शस्त्रक्रिया, अस्थिरोग, सामाजिक आरोग्य हे विषय असतात आणि विद्यार्थी वॉर्डमध्ये जास्त वेळ घालवू लागतो. इथे एक शब्द महत्त्वाचा आहे: कार्यात्मक निदान. डॉक्टर म्हणून मी 'गुडघ्याची झीज' असे निदान करते. फिजिओथेरपिस्ट त्याच गुडघ्याबद्दल वेगळे प्रश्न विचारतो. जिना चढताना दुखते की उतरताना? लोकलचा दरवाजा आणि फलाट यांतली उंची चढता येते का? घरात संडास भारतीय पद्धतीचा आहे का? पूजेला खाली बसावे लागते का?

हे प्रश्न कशासाठी, ते आकड्यांत पाहा. सपाट रस्त्यावर चालताना गुडघा साधारण ६० अंश वाकतो. जिन्यासाठी तो ९० अंशांच्या आसपास वाकावा लागतो, बुटक्या खुर्चीतून उठायला त्याहून थोडा जास्त. उकिडवे बसायला १३० अंशांच्या पुढे जावे लागते. त्यामुळे गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर "किती वाकला पाहिजे?" याचे उत्तर तुम्ही कुठे राहता आणि दिवसभर काय करता यावरही ठरते.

चौथे वर्ष: चार मोठ्या शाखा

शेवटच्या वर्षी प्रत्यक्ष उपचार शिकतात. ढोबळमानाने चार भाग आहेत.

हाडे, सांधे आणि स्नायू: कंबरदुखी, मानदुखी, फ्रोजन शोल्डर, फ्रॅक्चरनंतरचा आखडलेला सांधा, गुडघा किंवा खुबा बदलल्यानंतरचे व्यायाम. मधुमेह असलेल्यांमध्ये फ्रोजन शोल्डर जास्त दिसतो आणि तो मोकळा व्हायला बरेच महिने लागू शकतात, हे आधी सांगितले तर रुग्ण धीर सोडत नाही.

मेंदू आणि मज्जासंस्था: पक्षाघात, पार्किन्सन, मणक्याची दुखापत, सेरेब्रल पाल्सी असलेली मुले. घरी सर्वात जास्त चुका इथे होतात. पक्षाघाताच्या रुग्णाला उठवताना लुळ्या हाताला धरून ओढतात. त्या खांद्याला सांभाळणारे स्नायू ढिले पडलेले असतात. ओढल्यामुळे सांधा सरकतो आणि खांदा दुखू लागतो, मग रुग्ण व्यायामच नाकारतो. कंबरेजवळ किंवा पट्ट्याला धरून कसे उठवायचे, कुशीवर कसे वळवायचे, उशी कुठे ठेवायची, हे फिजिओथेरपिस्ट घरच्यांना प्रत्यक्ष दाखवतो. ते पहिल्याच आठवड्यात शिकून घ्या.

हृदय आणि फुप्फुसे: अनेकांना माहीत नसते की आयसीयूमध्येही फिजिओथेरपिस्ट असतो. साचलेला कफ सुटवणे, शस्त्रक्रियेनंतर खोल श्वास घ्यायला लावणे, बायपासनंतर हळूहळू चालवणे हे त्याचे काम आहे. दम लागणाऱ्या रुग्णाला सहा मिनिटे चालवून किती अंतर कापले ते मोजतात, आणि त्यावरून व्यायाम किती द्यायचा ते ठरवतात.

समाजातले काम: वृद्धांचे पडणे टाळणे, गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरचे व्यायाम, खोकताना लघवी सुटण्याच्या त्रासासाठी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, कामाच्या जागी बसण्याची पद्धत. लघवी सुटण्याबद्दल बायका माझ्याकडेही वर्षानुवर्षे बोलत नाहीत. त्यावर व्यायाम आहेत आणि ते शिकवणारी माणसे आहेत, एवढे इथे सांगून ठेवते.

इंटर्नशिप

शेवटचे सहा महिने विद्यार्थी वेगवेगळ्या विभागांत वरिष्ठांच्या देखरेखीखाली रोज रुग्ण पाहतो. केईएम किंवा शीवच्या महापालिका रुग्णालयासारख्या ठिकाणी तुम्ही गेलात, तर असे विद्यार्थी आणि इंटर्न तुमच्याशी बोलतील. त्यांना टाळू नका. ते वेळ देऊन तपासतात आणि त्यांच्यावर शिक्षकांची नजर असते.

काय शिकवले जात नाही?

फिजिओथेरपिस्ट औषधे किंवा इंजेक्शन देत नाही आणि शस्त्रक्रिया करत नाही. रुग्ण पुन्हा डॉक्टरकडे केव्हा पाठवायचा, हे मात्र त्याला शिकवलेले असते. पुढच्या गोष्टी दिसल्या तर तुम्हीही व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरकडे या:

– कंबरदुखीबरोबर लघवी अडणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, जांघेत किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा, पायाची ताकद कमी होत जाणे.
– शस्त्रक्रियेनंतर किंवा बरेच दिवस अंथरुणात राहिल्यावर एकाच पायाची पोटरी सुजणे, दुखणे, गरम लागणे. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, ती चोळू नका.
– खांदा किंवा हात दुखण्याबरोबर छातीत दडपण, घाम, धाप. हे हृदयाचे असू शकते, फिजिओथेरपीची वेळ घेत बसू नका.
– रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, त्याबरोबर ताप किंवा वजन कमी होणे.

फिजिओथेरपिस्ट निवडताना काय विचाराल?

१. पदवी कोणती? बीपीटीएच, बीपीटी किंवा त्यापुढची. काही महिन्यांचा 'मसाज' किंवा 'थेरपी' कोर्स म्हणजे ही पदवी नव्हे.

२. नोंदणी क्रमांक काय? महाराष्ट्रात यासाठी २००२ च्या कायद्याने स्थापन झालेली स्वतंत्र परिषद आहे. बोलीत तिला ओटीपीटी कौन्सिल म्हणतात. नावाआधी 'डॉ.' आहे की नाही यावर वाद चालू असतात. तुम्ही त्यात न पडता पदवी आणि नोंदणी पाहा. विचारण्यात संकोच नको, शिकलेल्या माणसाला राग येत नाही.

३. पहिल्या दिवशी तपासले का? जुने आजार, औषधे, शस्त्रक्रिया विचारल्या का? काही मोजून लिहून ठेवले का?

४. घरी करायचे व्यायाम दिले का? ते तुमच्याकडून करून घेऊन पाहिले का?

५. किती दिवसांत काय जमायला हवे, हे सांगितले का? "बघू या" म्हणत महिनोन्‌महिने पैसे घेणे आणि "दहा दिवसांत शंभर टक्के" म्हणणे, दोन्हींपासून सावध राहा.

खर्च झेपत नसेल तर उपचार सोडू नका. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा मुंबईतली महापालिकेची मोठी रुग्णालये इथे चौकशी करा. रोज प्रवास जमत नसेल तर तसे स्पष्ट सांगा. आठवड्यातून एकदा तपासणी आणि बाकी दिवस घरी व्यायाम, असे अनेकदा बसवून देता येते.

डॉक्टरकडून काय लिहून घ्याल?

नुसत्या 'फिजिओथेरपी' या शब्दावर समाधान मानू नका. निदान काय, कोणती बाजू, कोणते आजार आणि औषधे, शस्त्रक्रिया कधी झाली, पायावर किती भार द्यायला परवानगी आहे, काय करायचे नाही, हे चिठ्ठीवर असू द्या. सोबत एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड न्या. डॉक्टर घाईत असतील तर "बधिरपणा आहे, तेवढे लिहा" असे तुम्हीच सुचवा.

ते काका त्या जखमांतून बरे झाले. नंतर शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडे त्यांनी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम घेतले, घरी रोज वीस मिनिटे केले, आणि काही महिन्यांनी एकेक पायरी करत स्वतः जिना उतरून दवाखान्यात आले. त्या दिवसापासून माझ्या चिठ्ठीवर फिजिओथेरपीखाली चार-पाच ओळी असतात. तुमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्या नसतील, तर जरूर मागा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या तब्येतीनुसार कोणता व्यायाम करावा, हे तपासणी करून घेऊनच ठरवा.)